मिठाची लहान वाटी

३ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. हात धुऊन लिहायला बसले आहे, तरी कागदाला पीठ लागलंच तर झटकून वाच. फोनवर मी बोलते भरपूर आणि सांगत काहीच नाही, असं तूच म्हणतेस ना, म्हणून हे पत्र.

आमच्या मागच्या रस्त्यावर वृद्धाश्रम आहे. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी माझी बिस्किटं खाल्ली आणि विचारलं, आमच्या म्हाताऱ्या माणसांना रोजचा पाव द्याल का? मी हो म्हणून मोकळी झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजवर केक केले, बिस्किटं केली, पाव कधी केला नाही. मला ठाऊक असलेला पाव एकच, तुझा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तू करायचीस तो. पण तुझी कृती कशी? सोळा वाट्या मैदा, लहान वाटीभर मीठ, आणि पाणी "हाताला कळेल तेवढं". तुझी वाटी तुझ्याकडे, तुझा हातही तुझ्याकडे. माझ्या वाटीने दोनदा करून बघितलं. पहिल्यांदा दगड झाला, दुसऱ्यांदा लापशी.

आणि आता मी एकटी नाही. मदतीला शिडीबाई आहेत. हे नाव गॅसवाल्याने ठेवलं, कारण सगळ्यात वरच्या फळीवरचे डबे त्या स्टुलाशिवाय काढतात. नवरा नाही, शाळेत जाणारी एक मुलगी आहे. हात चांगला, बोलणं कमी. त्या म्हणाल्या, ताई, वाटीचं काही खरं नाही, मला ग्रॅम सांगा.

म्हणून पार्सलमध्ये वजनाचा काटा पाठवला आहे. आधी रिकामी वाटी ठेव, बटण दाब, शून्य आलं की वाटी भर. जो आकडा दिसेल तो मला लिही. काकांना नमस्कार.

तुझी ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

पोटभर आशीर्वाद. चाळिशी आली तरी तू ठमीच, त्याला माझा इलाज नाही.

काटा मिळाला. तुझे काका त्याच्यावर आधी चष्मा ठेवून बघत होते, मग चाव्या, मग स्वतःचा अंगठा. शेवटी मी हिसकावून घेतला.

काय सांगू बाई, मला वाटायचं वाटी म्हणजे वाटी. सारा जन्म वाटीने मोजलं. पण मैदा डब्यात वाटी बुडवून काढली तर एकशे साठ, आणि चाळून चमच्याने हलकेच भरला तर एकशे पंचवीस. वाटी तीच, मैदा तोच, बाई तीच. मग डोळे मिटून आठवलं, कॅन्टीनमध्ये मी कशी भरायचे? चाळूनच. मोठ्या परातीत चाळायचे आणि डावाने वाटीत सोडायचे. म्हणजे एकशे पंचवीस धर. सोळा वाट्यांचे दोन किलो बरोब्बर होतात. साखरेची वाटी मात्र दोनशेच्या वर गेली. दिसायला मैद्याएवढीच, पण अंगाने भारी, आपल्या थोरल्या वहिनीसारखी. तेल पाण्यापेक्षा हलकं निघालं. हे काकांना पटेना, तेव्हा दोनदा करून दाखवलं.

मीठ शेवटी राहिलं. बरणी बघितली तर तळाला चार खडे. काका चहासाठी घाई करत होते, त्यांनाच दुकानात पिटाळलं. त्यांनी पुडा आणला, पांढराशुभ्र, अगदी पावडरीसारखा. लहान वाटी भरली. काकांनी ती टेबलावर टकटक आपटली, तशी खाली बसली, आणखी मावलं. पंचाहत्तर ग्रॅम.

तर लिहून ठेव: मैदा दोन किलो, मीठ पंचाहत्तर, साखर पाऊण वाटीची दीडशे, तेल शंभर. मीठ कोमट पाण्यात विरघळवून घाल, कोरडं नको. यीस्टशी त्याची गाठ शेवटीच पडू दे, दोघांचं पटत नाही.

शाळेचं तोंड मी बघितलं नाही. अक्षरं शिकले ती कॅन्टीनच्या फळ्यावरच्या आजच्या जेवणाच्या यादीवरून. आणि आज तुला ग्रॅममध्ये हिशेब पाठवते आहे. काका म्हणाले, आता हिला डॉक्टरीण म्हणायचं का?

शिडीबाईंना माझा नमस्कार सांग. आकडा मागणारी बाई मला आवडली.

मावशी


२२ फेब्रुवारी

ती. मावशी,

पत्राला उशीर झाला. मन ठिकाणावर नव्हतं.

पहिल्याच दिवशी सगळा पाव वाया गेला. फुगला नाही, चिवट झाला, आणि इतका खारट की तोंडात धरवेना. भट्टीतून काढला तो थेट गाडीत गेला, मी तुकडाही मोडून बघितला नाही. सगळी चूक नंतर कळली. आश्रमातल्या आजीआजोबांना वाटलं, आपल्या तोंडाची चव गेली असेल, म्हणून बरेच जण निमूट खात राहिले. हे ऐकून मला जास्त लागलं. एका आजोबांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी विचारलं, इतकं मीठ आलं कुठून? व्यवस्थापक बाईंनी ऑर्डर थांबवली आहे. म्हणाल्या, एक संधी देते, पुढच्या महिन्यात, तीही आधी स्वतः चाखून.

मैदा मी मोजला होता, मीठ शिडीबाईंनी. मुलगी तापाने फणफणलेली, त्यांचं लक्ष घरी. मीठ दोनदा पडलं, दुसरं काय? मी शांतपणे विचारलं. त्या म्हणाल्या, एकदाच टाकलं. मी म्हटलं, चूक कोणाचीही होते, कबूल करा, विषय संपला. त्या पुन्हा तेच, एकदाच टाकलं. मावशी, चूक मी पोटात घातली असती, पण तोंडावर खोटं कसं चालवून घेऊ? त्यांना कामावरून काढलं.

त्यांनी एप्रन घडी घालून ठेवला आणि गेल्या. वाद घातला नाही. त्यावरूनच मला वाटलं की माझं बरोबर आहे.

तुझं माप जपून ठेवलं आहे, भिंतीवर चिकटवलं आहे. आता सगळं मी एकटीच करते. वरच्या फळीसाठी स्टूल आणलं.

ठमी


२६ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं.

आजोबांची सूज उतरली का ते आधी लिही. म्हाताऱ्या शरीराचं काही सांगता येत नाही, आमचंच बघ ना. इथे ऊन वाढलं आहे. गॅलरीतलं तुळशीएवढं लिंबाचं रोप सुकत चाललं आहे. काका दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, कारण विशेष काही नाही, तू काळजी करू नकोस.

एक सांगते, पुढच्या वेळी मीठ पंचाहत्तर घालू नकोस. चाळीस घाल. म्हातारी माणसं खाणार, त्यांना बेतानेच बरं. कॅन्टीनमध्ये घामाघूम होणारे लोक होते, त्यांचं वेगळं. चाळीसच्या वर जाऊ नकोस. भिंतीवरचं खोडून चाळीस कर.

आणि त्या शिडीबाईंना काढायलाच हवं होतं का? मुलगी आजारी असताना? माणूस एकदा म्हणतो, दोनदा म्हणतो, तेव्हा जरा थांबून ऐकावं. बघ बाई. तुझं स्वयंपाकघर, तू जाणे.

जास्त लिहीत नाही. हात दुखतो आहे.

मावशी


१२ मार्च

ती. मावशी,

तुझ्या तोंडात साखर. पाव असा फुगला की साच्याबाहेर डोकावायला लागला. व्यवस्थापक बाईंनी आधी कडेचा तुकडा खाल्ला, मग मधला, मग पूर्ण काप संपवला. ऑर्डर पक्की झाली. आजोबांची सूज उतरली. त्यांनी निरोप पाठवला की आता दात असते तर बरं झालं असतं.

चाळीस ग्रॅमने चव बिघडेल अशी भीती होती, पण उलट छान लागली. पंचाहत्तरही बरोबरच असणार म्हणा, तुझं माप कधी चुकलं आहे? पण म्हाताऱ्यांसाठी तू किती विचार केलास. आणि एक गोष्ट मनासारखी झाली. तोच मैदा, तीच भट्टी, तीच मी. बदलली ती एकच गोष्ट, शिडीबाई नव्हत्या. म्हणजे माझा संशय खरा होता. मनात थोडी टोचणी होती ती गेली.

त्यांचं विचारलंस म्हणून सांगते. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने त्यांना ठेवण्याआधी माझ्याकडे चौकशी केली. मी खरं तेच सांगितलं, हात चांगला, पण चूक कबूल करत नाहीत. त्याने घेतलं नाही. बेकरीवाल्यानेही नाही. आता बसस्थानकाचे जिने पुसतात. परवा मी दिसले तर मान वर करून बघितलं आणि पुन्हा पुसायला लागल्या.

आणि काल त्यांची मुलगी स्वयंपाकघराची किल्ली परत द्यायला आली. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "आईने खरंच दोनदा टाकलं होतं?"

मी हो म्हटलं. काय करू, लहान मुलीशी खोटं बोलू?

ठमी


१६ मार्च

ठमे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. गॅस बंद कर, बस आणि वाच.

शिडीबाईंनी मीठ एकदाच टाकलं. जास्तीचं मी घातलं, इथे बसून, पेनाने.

कॅन्टीनमध्ये मी जन्मभर जाडं मीठ वापरलं, हरभऱ्याएवढे खडे. त्याच्या वाटीने कृती बसवली. खडे वाटीत बसतात ते बाकावर बसलेल्या पाहुण्यांसारखे, मध्ये मध्ये जागा सोडून. वाटी भरलेली दिसते, पण अर्धीअधिक हवाच. बारीक मीठ सगळ्या फटी बुजवून बसतं. त्या दिवशी बरणीत जाडं मीठ संपलं होतं आणि काकांनी आणलेल्या बारीक पुड्यातून मी वाटी भरली. वर ती आपटून दाबून भरली. मैद्याच्या वेळी डोळे मिटून आठवणारी मी, मिठाच्या वेळी चहाचं आधण बघत होते. वाटी तीच होती, म्हणून मला वाटलं मापही तेच.

तुझं खारट पावाचं पत्र आलं आणि मला तो बारीक पुडा आठवला. खाई त्याला खवखवे म्हणतात ना. मी त्याच पावली दुकानात गेले, जाडं मीठ आणलं, काट्यावर ठेवलं. बेचाळीस. काका समोर बसले होते. त्यांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "लिही आता तिला."

मी हो म्हटलं. आणि तुला लिंबाच्या रोपाचं लिहिलं.

त्या दिवशी मी लिहायला बसलेच नाही, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. चहा हवा असला की कप माझ्यासमोर आणून ठेवतात. मी तुला सांगितलं की कारण विशेष नाही.

का लपवलं विचारशील. मला लोकांनी हाताची चव विचारली, आकडा कधी कोणी विचारला नव्हता. तू विचारलास. भिंतीवर चिकटवलास. मला वाटलं, आता ठमी म्हणेल, म्हातारीचं वय झालं, हिला काही विचारायला नको. चाळीस लिहून पाठवलं की पाव सुधारेल, म्हाताऱ्यांचं भलं होईल, माझंही झाकलं राहील, असा माझा हिशेब. पण पाव सुधारला आणि तूच त्यावरून शिडीबाईंवर शिक्का मारलास. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि वाटी माझ्या हातात होती. ती मुलगी दारात उभी राहून विचारते आहे आणि तू हो म्हणते आहेस, ते हो तुझं नव्हतं, माझ्या तोंडातून आलं ते.

त्या बाई मी पाहिलेल्या नाहीत. आकडा मागणारी बाई मला आवडली असं लिहिलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं असशील. आता हे वाचून दाखव. आधी मुलीसमोर, मग हॉटेलवाल्याला, बेकरीवाल्याला, आश्रमात. माझी बाजू सावरू नकोस. मावशीचं वय झालं, असं तर मुळीच म्हणू नकोस. वयाने वाटी चुकली असेल, गप्प बसले ती मी.

मावशी


५ एप्रिल

ती. मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी मी तुझ्यावर रागावले होते. मनात तुला बरंच बोलले. भिंतीवरचा तुझा कागद फाडला. मग तुकडे गोळा करताना हात थांबला, कारण मी तुला सगळं सांगितलेलं नव्हतं.

त्या सकाळी शिडीबाई मिठाची वाटी हातात धरून माझ्यामागे आल्या होत्या. म्हणाल्या, ताई, दोन किलोला हे जास्त वाटतंय. मी केकवर नक्षी काढत होते. मान वर न करता म्हटलं, मावशीचं माप आहे, घाला. त्यांनी घातलं. हे मी तुला लिहिलं नाही. त्यांना काढतानाही हे मला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच शेवटी आवाज चढवला असेन.

बसस्थानकावर गेले. त्या म्हणाल्या, इथे नको, संध्याकाळी घरी या, मुलगी असते. गेले. एकच खोली, टापटीप, टेबलावर मुलीची वह्यापुस्तकं. तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. हरभऱ्याएवढ्या खड्यांपाशी त्यांनी मान हलवली. संपलं तेव्हा त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "एकदाच टाकलं होतं." मुलगी म्हणाली, मला माहीत होतं.

मग मी नक्षीचं सांगितलं. विचारलं, मी आरोप केला तेव्हा तुम्ही ते बोलून का नाही दाखवलंत? त्या म्हणाल्या, "तुम्हाला आठवत होतंच की."

मावशी, दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर पडले.

हॉटेलवाल्याला सांगितलं. बेकरीवाल्याला सांगितलं. आश्रमात जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. सूज आलेले आजोबा म्हणाले, म्हणजे आमची चव शाबूत आहे तर.

शिडीबाई सोमवारपासून परत आल्या. अट कुठलीही घातली नाही. फक्त एक नवीन रीत आहे. मीठ घालायच्या आधी हाक मारतात, ताई, या. मी हातातलं टाकून जाते. त्या वाटी काट्यावर ठेवतात, आकडा दाखवतात, माझ्यासमोर पाण्यात ओततात आणि रिकामी वाटी उपडी करून दाखवतात. टोमणा नाही, राग नाही. ओट्यावरचा डबा बोटाने दाखवावा इतकं साधं. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. राहू द्या, असं म्हणावंसं वाटतं.

ठमी


९ एप्रिल

ठमे,

आशीर्वाद. राहू द्या म्हणू नकोस. ते म्हणणं आपल्या हातात नाही. त्यांनी हाक मारली की जात जा, कढई पेटली असेल तरी. नीट बघत जा, उगाच मान हलवून परत फिरू नकोस.

काका बोलले. तुझं पत्र वाचून झाल्यावर म्हणाले, चहा टाक. इतक्या दिवसांनी बोलले तेही कामाचंच. मी टाकला. साखर मोजून घातली तर म्हणाले, हाताने घाल, काट्याला विश्रांती दे. माझा मात्र हात डब्यापाशी अडखळतो. जन्मभराची सवय, आता चिमूट घेतली तरी वाटतं, कोणीतरी बघावं.

मला हाक मारायला इथे शिडीबाई नाहीत. त्या माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? काहीच म्हणाल्या नसतील तर तसं लिही, पण लपवू नकोस. लपवाछपवीला आता कानाला खडा.

मावशी


३० एप्रिल

ती. मावशी,

घाईत लिहिते, भट्टी तापली आहे.

शिडीबाई तुझ्याबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या. आज पहिल्यांदा विचारलं, तुमच्या मावशी कॅन्टीनमध्ये पाणी कोमट कसं ओळखायच्या, मनगटावर की बोट बुडवून? तूच त्यांना कळव, मी मध्ये पडत नाही.

आणि आज हाक आली नाही. मी नक्षी काढत होते, कान तिकडेच. बराच वेळ झाला तेव्हा आपणहून गेले. त्या पीठ मळायला घेत होत्या, मिठाची वाटी धुऊन पालथी घातलेली. म्हणाल्या, काही हवंय का? मी म्हटलं, नाही. पातेल्यात मिठाचं पाणी समोरच होतं.

मी चाखून बघितलं नाही.

ठमी